नीलकंठभट्टांचा पट आणि आपली हक्कसोडपत्रे

सीमाभागातील जुन्या मराठी घराण्यांत दोन कागद जिवापाड जपलेले असतात. एक वंशावळ आणि दुसरा सनदेची अथवा इनामपत्राची नक्कल. गेल्या काही पिढ्यांत त्यांच्या शेजारी तिसरा कागद येऊन बसला आहे. त्याचा उल्लेख मात्र कुणी अभिमानाने करीत नाही. तो म्हणजे लेकी-बहिणींनी सही वा अंगठा करून दिलेले हक्कसोडपत्र. पहिले दोन कागद परंपरेचा पुरावा म्हणून पाहुण्यांपुढे येतात आणि तिसऱ्याचे समर्थनही परंपरेच्याच नावाने होते. ‘आपल्यात मुली वाटा मागत नाहीत’, ‘शास्त्रातच तसे नाही’. प्रस्तुत लेखाचा वाद या शेवटच्या वाक्याशी आहे. कोणते शास्त्र? कुणी लिहिलेले? आणि ते आपण कधी उघडून पाहिले आहे काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी एका बहुश्रुत पुरुषाची साक्ष काढणे आवश्यक वाटते. त्याचे नाव नीलकंठभट्ट. धर्मशास्त्रावरील बारा ग्रंथांचा कर्ता, राजनीतीचा मीमांसक आणि बुद्धिबळाच्या पटावर घोडा फिरवून दाखवणारा हा पंडित आपल्यासारख्याच स्थलांतरित मराठी घराण्यातला होता. भट्टांचे मूळ घर पैठणचे. नीलकंठांचे पणजोबा रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस जाऊन स्थायिक झाले. आजोबा नारायणभट्ट हे ‘त्रिस्थलीसेतु’ आणि ‘प्रयोगरत्न’ यांचे कर्ते. काशीविश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. वडील शंकरभट्ट यांनी ‘द्वैतनिर्णय’ लिहिला, शिवाय आपल्या घराण्याचा वृत्तान्तही संस्कृतात लिहून ठेवला. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण करणारे कमलाकरभट्ट हे नीलकंठांचे चुलत बंधू आणि १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट हे त्यांचे चुलत पुतणे. परमुलखात तीन-चार पिढ्या राहून ज्या घराण्याने स्थानिक विद्वत्तेचे अग्रपद मिळवले आणि तरीही ‘दाक्षिणात्य’ ही ओळख सोडली नाही, त्या घराण्याची गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. गागाभट्टांचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. नीलकंठांचे नाव वकिलांच्या जुन्या पिढीबरोबर मावळले.

नीलकंठांचे लेखन साधारणपणे १६१० ते १६४५ या काळातले. यमुना-चंबळ संगमाजवळील भरेहचा सेंगर राजा भगवंतदेव हा त्यांचा आश्रयदाता. त्याच्याच नावावरून त्यांनी आपल्या महाग्रंथाला ‘भगवंतभास्कर’ हे नाव दिले आणि भास्कराचे म्हणजे सूर्याचे किरण म्हणून त्याच्या बारा भागांना ‘मयूख’ म्हटले. संस्कार, आचार, काल, श्राद्ध, नीति, व्यवहार, दान, उत्सर्ग, प्रतिष्ठा, प्रायश्चित्त, शुद्धि आणि शांति असे हे बारा मयूख. मुंजीपासून श्राद्धापर्यंत, विहिरी-तलावांच्या लोकार्पणापासून मूर्तीच्या स्थापनेपर्यंत, राजाच्या कर्तव्यापासून भावाभावांच्या वाटणीपर्यंत गृहस्थाच्या आयुष्यात उद्भवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर त्यात विवेचन आहे.

यातील ‘नीतिमयूख’ हा राजधर्माचा ग्रंथ. या ग्रंथात राजाची कर्तव्ये सांगता सांगता नीलकंठ बुद्धिबळाकडे वळतात. आठ गुणिले आठ घरांचा पट, मोहऱ्यांची मांडणी आणि त्यांच्या चाली ते शास्त्रीय काटेकोरपणाने सांगतात. मग घोड्याचा प्रश्न हाती घेतात: अडीच घरांची वाकडी चाल मोडायची नाही, एकाही घरावर दुसऱ्यांदा पाय ठेवायचा नाही आणि चौसष्टही घरे फिरून यायची. ही फेरी त्यांनी श्लोकांतून सांगितली आहे. त्यांनी दिलेल्या फेऱ्यांपैकी एक अशी आहे की, तिच्यात घोडा शेवटच्या घरावरून पुन्हा पहिल्या घरावर येऊ शकतो. म्हणजेच कोणत्याही घरापासून निघाले तरी फेरी पुरी होते.

या कोड्याचा इतिहास मोठा आहे. नवव्या शतकातील काश्मिरी आलंकारिक रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त अर्ध्या पटावरील घोड्याची फेरी श्लोकबंधात गुंफली होती. युरोपात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने या प्रश्नाचा पद्धतशीर गणिती विचार केला तो १७५९ च्या सुमारास, म्हणजे नीलकंठांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आरंभाशी परत येणाऱ्या अशा फेऱ्या चौसष्ट घरांच्या पटावर तेरा लाख कोटींहून अधिक आहेत, हे १९९७ मध्ये संगणकाच्या साहाय्याने निश्चित झाले. नियम एक, तोही वाकडा. परंतु त्यातून निघणारे मार्ग लक्षावधी कोटी. नीलकंठांचे हे बुद्धिबळप्रकरण एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या आल्ब्रेख्त वेबर यांनी अभ्यासून प्रसिद्ध केले. बुद्धिबळाचा इतिहास लिहिणाऱ्या एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ च्या ग्रंथातही त्याला स्थान मिळाले. काशीत वाढलेल्या मराठी शास्त्र्याचा खेळ बर्लिनला कळला आणि आपल्याला कळला नाही, याची खंत करीत बसण्याचा माझा हेतू नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या लेखणीने घोड्याची फेरी लिहिली, त्याच लेखणीने वारसाहक्काचा क्रम लिहिला आणि दोन्हीकडे बुद्धी एकाच रीतीने चालली.

ती रीत कोणती? मूळ नियम मोडायचा नाही, त्याचा शब्द नीट पारखायचा आणि तो नेईल तिथपर्यंत जायचे. मग तिथे पोहोचल्यावर सभोवतालच्या मंडळींना बरे वाटो वा न वाटो. आपल्याकडे शास्त्री म्हटला की, एक तर त्याच्या पायावर डोके ठेवायचे किंवा त्याच्या नावाने बोटे मोडायची, एवढेच दोन व्यवहार उरले आहेत. त्याच्याशी वाद घालायचा, त्याची चाल समजून घ्यायची, हा तिसरा व्यवहार आपण विसरलो. बुद्धिबळाचेही तेच झाले. सुटीत मुलांना शिबिराला पाठवायचे, क्रमांक आला की वर्तमानपत्रात छायाचित्र द्यायचे, इथे आपला बुद्धीशी संबंध संपतो. पटावर शिकलेली शिस्त घरच्या कागदपत्रांना लावावी, असे कुणाला वाटत नाही.

आता ‘व्यवहारमयूखा’कडे वळू. प्रश्न असा: विभक्त झालेला पुरुष निपुत्रिक वारला, मागे पत्नी नाही, मुलगी नाही, नातू नाही, आईबाप नाहीत, भाऊ-पुतणे नाहीत, आजीही नाही. धन कुणाचे? स्मृतीचा शब्द आहे ‘गोत्रज’. प्रचलित समज असा की, गोत्रज म्हणजे त्या गोत्रात असलेले पुरुष नातेवाईक. बहीण लग्न होऊन परगोत्रात गेली, सबब तिचा प्रश्नच उद्भवत नाही. नीलकंठ इथे थांबतात आणि शब्द उलगडतात. गोत्रज म्हणजे गोत्रात जन्मलेला. बहीण कुठे जन्मली? भावाच्याच गोत्रात. विवाहाने तिचे गोत्र बदलले असेल. जन्म बदलला नाही. शिवाय जो जवळचा सपिंड त्याला धन, हा मनूचा दंडक आहे आणि भावाला बहिणीहून जवळचे कोण? म्हणून आजीच्या लगोलग, दूरच्या सर्व पुरुष भाऊबंदांच्या आधी, नीलकंठांनी बहिणीला बसवले.

हा नुसता पंडिती काथ्याकूट राहिला नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला. १८२७ मध्ये हॅरी बॉरोडेल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, १८८० मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली आणि १९२६ मध्ये महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे तो संपादून प्रसिद्ध केला. विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या दाव्यात १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यापुरता बहिणीचा वारसा मान्य केला. देशाच्या इतर बहुतेक भागांत बहिणीला असे स्थान मिळायला १९२९ चा कायदा यावा लागला. गंमत अशी की, ज्या काशीत हा ग्रंथ लिहिला गेला, तिथल्या न्यायालयांनी तो या बाबतीत मानला नाही. मानला तो आपल्याकडे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तेव्हा ‘शास्त्रातच तसे नाही’ हे वाक्य बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीच्या माणसाने उच्चारावे, हे अज्ञान तरी आहे किंवा लबाडी तरी.

लबाडी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. कारण याच ग्रंथातली दुसरी एक सवलत आपल्या घराण्यांनी डोळे उघडे ठेवून घेतली. मयूखाच्या मते प्रौढ, विवाहित, एवढेच नव्हे तर अपत्यवान पुरुषालाही दत्तक घेता येते. यासाठी नीलकंठ आपल्या वडिलांच्या मताचा हवाला देतात. या उदार मताच्या आधाराने मुंबई इलाख्यात मिशा फुटलेले दत्तक गादीवर बसले आणि वतने घराण्यांत राहिली. दत्तकाची किंमत या मातीला ठाऊक आहे. कित्तूरचा दत्तक कंपनी सरकारने नाकारला, म्हणून १८२४ मध्ये राणी चन्नम्मांना शस्त्र उचलावे लागले. ज्या वंशावळींत असे दत्तक सन्मानाने नोंदले आहेत, त्याच वंशावळींत मुलींची नावे पुष्कळदा नाहीतच; फार तर ‘कन्या दोन’ एवढा मजकूर. पुरुषांची सोय झाली, तेव्हा नीलकंठभट्ट शास्त्रकार. बहिणीची पाळी आली, तेव्हा मात्र ते आठवेनासे झाले.

इथे एक आक्षेप आधीच विचारात घेतला पाहिजे. नीलकंठ हे काही स्त्रीमुक्तीचे पुरस्कर्ते नव्हते. खरे आहे. त्यांनी सांगितलेली बहीण ही निपुत्रिक भावाची वारस आहे. बापाच्या मिळकतीत भावाबरोबरीचा वाटा त्यांनी तिला दिलेला नाही. शिवाय निपुत्रिक मुलाच्या धनावर आईबापांपैकी प्रथम कुणाचा हक्क, या प्रश्नात ते बापाला आधी बसवतात. याउलट ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वर आईला आधी बसवतात. आता हे विज्ञानेश्वर कुठले? अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात चालुक्य विक्रमादित्याच्या राजधानीत, कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात बसून त्यांनी ‘मिताक्षरा’ लिहिली. बेळगावच्या न्यायालयात ‘मिताक्षरा’ मुख्य आणि तिच्या जोडीला ‘मयूख’, असा कारभार चालत होता. कर्नाटकात लिहिलेला ग्रंथ आईची बाजू घेतो, काशीस गेलेल्या मराठी घराण्यातला ग्रंथ बहिणीची घेतो आणि या सीमेवरच्या माणसावर दोन्ही ग्रंथांची सत्ता चालली! भाषेच्या नावाने वारसा वाटून घेणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी या वस्तुस्थितीकडे शांतपणे पाहावे. विचार जन्मतो एका मुलखात आणि नांदतो दुसऱ्या. तो आपला कुळाचार आहे की शेजाऱ्याचा, हे पाहून त्याचे मोल ठरत नाही.

शिवाय नीलकंठांचा शेवटचा निकाल आपण जसाच्या तसा पाळावा, असे माझे म्हणणेच नाही. तो आता कायदाही नाही. त्यांची रीत घ्यावी. सतराव्या शतकात ‘जन्म बदलत नाही’ एवढ्या एका तत्त्वावरून ते बहिणीपर्यंत पोहोचले. तेच तत्त्व धरून आणखी चार घरे पुढे गेले की, मुलगीही मुलासारखीच त्याच घरात जन्मली, या निष्कर्षावाचून गत्यंतर राहत नाही. ती चाल पुढे भारतीय कायद्याने खेळली.

कोणत्या वर्षी? इथे सीमाभागाच्या स्मरणशक्तीचा एक चमत्कार सांगितला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याकडे अजाण पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी आपण म्हैसूर राज्यात घातले गेलो. त्या अन्यायाची आठवण आपण काळा दिवस पाळून जागती ठेवली आणि ठेवावी. परंतु त्याच वर्षी, साडेचार महिने आधी, १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. ही तारीख किती घरांत ठाऊक आहे? पुढे कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलींना सहहिस्सेदार केले, मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क जन्माने येतो. दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही. जन्माने! नीलकंठांनी ‘गोत्रज’ शब्दातून काढलेला धागा इथे येऊन पुरा होतो. एकाच वर्षातल्या दोन तारखांपैकी आपल्यावर अन्याय करणारी आपण पाठ केली आणि आपल्या हातून होणारा अन्याय थांबवू पाहणारी विसरलो.

या मुद्द्यावर जी उत्तरे नेहमी ऐकू येतात, त्यांचाही समाचार घेऊ.

पहिले उत्तर: ‘लग्नात तिला दिले ते काय कमी होते?’ लग्नातला खर्च पाहुण्यांच्या जेवणावळीत आणि मांडवात गेला; दागिने सासरच्या तिजोरीत गेले. त्याची पावती बहिणीच्या नावाने फाडायची असेल, तर मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीसाठी केलेल्या खटपटीचा आणि त्याच्या लग्नाचा खर्चही त्याच्या वाट्यातून वजा करावा. तसा हिशेब मांडणारे घर माझ्या पाहण्यात नाही.

दुसरे उत्तर: ‘वाटा मागितला की माहेर तुटते.’ हे उत्तर सर्वांत हृदयद्रावक आणि सर्वांत निर्दय. माहेर तोडण्याची धमकी देणारा कोण? भाऊच. म्हणजे भाऊबीजेचे ताट आणि साडी-चोळी ही मायेची खूण न राहता हक्काच्या मोबदल्यात दिलेला हप्ता ठरते. जे माहेर सही घेऊनच टिकते, ते सहीच्या दिवशीच तुटलेले असते.

तिसरे उत्तर खास आपल्या भागातले आणि म्हणूनच अधिक गंभीर: ‘मुलींना वाटे दिले तर जमीन परक्यांच्या हाती जाईल, सीमाभागात मराठी माणसाच्या पायाखालची माती सरकेल.’ या युक्तिवादाला देशभक्तीचा वास आहे, म्हणून त्याला सहसा कुणी हात लावत नाही. पण जमिनीचा उतारा ज्याच्या नावाने, तोच ती विकू शकतो. ज्या बहिणींची नावे उताऱ्यावर कधी चढलीच नाहीत, त्यांनी जमीन विकली कशी? बेळगावच्या भोवती वसाहतींखाली गेलेल्या मराठी शेतांची खरेदीखते काढून पाहावीत. त्यांवर विकणाऱ्यांच्या सह्या कुणाच्या आहेत? निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात तंबाखूच्या खुडणीला, भांगलणीला वाकलेल्या पाठी बायकांच्या आणि खातेदाराचे नाव पुरुषाचे, अशी व्यवस्था ठेवून मातीचे रक्षण होत नाही. सह्यांची संख्या वाढली तर विक्री सोपी होत नाही, अवघड होते, हे कोणताही दस्तलेखक सांगेल.

हक्कसोडपत्र बेकायदा आहे, असे मी म्हणत नाही. समजून-उमजून, स्वखुशीने, नोंदणी करून हक्क सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु ही स्वखुशी कशी मिळवली जाते, हे आपण सारे जाणतो. तेरावा आटोपलेला असतो, बहिणीचे डोळे अजून कोरडे झालेले नसतात आणि वारसा नोंदीची घाई सुरू होते. कागद कन्नडमध्ये, तिला तो वाचता येत नाही; भाऊ म्हणतो, ‘इथं सही कर, बाकी मी बघतो.’ जे आपण सरकारला सात दशके सांगत आलो, की ज्या भाषेत आम्हाला कळत नाही त्या भाषेतला कागद आमच्यावर लादू नका, तेच आपण आपल्या बहिणीच्या बाबतीत विसरतो. तिच्यासाठी आपणच ते सरकार झालो आहोत, ही गोष्ट बोचली पाहिजे.

म्हणून या पत्रिकेच्या वाचकांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली: घरात मृत्यू झाल्यापासून वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणत्याही बहिणीकडून वा मुलीकडून हक्कसोडपत्र मागायचे नाही, असा नियम घराण्याघराण्यांनी करावा, वारसा नोंद मात्र सर्व वारसांच्या नावे तत्काळ व्हावी. दुसरी: वंशावळी नव्याने लिहाव्यात आणि त्यांत मुलींची नावे, जन्मवर्षांसह, मुलांच्या ओळीत यावीत. जी गोत्रात जन्मली तिला गोत्राच्या कागदावरून पुसण्याचा अधिकार कुणालाही नाही. तिसरी सूचना साहित्य संस्थांना आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या संमेलनांत भाषेवर आणि अस्मितेवर परिसंवाद होतात; व्हावेत. त्यांच्या जोडीला एक सत्र ‘व्यवहारमयूखा’तील दायविभागाच्या मराठी वाचनाचे ठेवावे. व्यासपीठावर एक संस्कृतज्ञ, एक वकील आणि आपल्या घरात हक्क सोडलेली वा मिळवलेली एक स्त्री असावी. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरा एकदा मोठ्याने वाचून दाखवावी.

नीलकंठभट्टांच्या घोड्याला चौसष्टपैकी एकही घर वगळायची परवानगी नव्हती. एक जरी घर राहिले तरी फेरी चुकली. आपल्या घराण्यांच्या वंशावळींत आणि उताऱ्यांवर लेकी-बहिणींची घरे पिढ्यान् पिढ्या रिकामी आहेत. ती भरल्याशिवाय परंपरा पुरी झाली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.